सुईच्या टोकावरची भट्टी

स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर चालतो. यकृतातली कर्करोगाची गाठ जाळणारी बरीचशी यंत्रंही त्याच लहरींवर चालतात, काही ९१५ मेगाहर्ट्‌झवर. पाण्याचे रेणू लहरींच्या तालावर अब्जावधी वेळा दिशा बदलू पाहतात आणि त्या घासाघाशीतून उष्णता निघते. इथे मात्र भट्टी पेटते ती पोटात, दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या, सुईसारख्या अँटेनाच्या टोकाशी. साठ अंशांच्या वर पेशी जवळजवळ तत्क्षणी मरतात.

कल्पना जपानची. १९७०च्या दशकाच्या अखेरीस वाकायामाचे सर्जन कात्सुयोशी ताबुसे यांनी या लहरी वापरल्या त्या यकृत कापताना होणारा रक्तस्राव थांबवायला. पोट न उघडता, सोनोग्राफीत बघत, सुई थेट गाठीत नेऊन उपचार केल्याचा अहवाल तोशिहितो सेकी आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केला. जपानला याची निकड होती. हिपॅटायटिस सीने सिरोसिस झालेल्या रुग्णांत लहान गाठी वेळेवर सापडत होत्या, पण ते यकृत मोठं ऑपरेशन सोसेल याची खात्री नसे.

तरी काही काळ गाठ जाळण्याच्या दुसऱ्या पद्धतीने, रेडिओफ्रीक्वेन्सीने, बाजी मारली, कारण जुन्या अँटेनांनी जळणारा भाग अरुंद असे आणि सुईची दांडीही तापे. दांडी आतून पाण्याने किंवा वायूने थंड ठेवता येऊ लागली आणि मायक्रोवेव्ह परतला. रेडिओफ्रीक्वेन्सीत विजेचा प्रवाह लागतो. ऊतक करपून कोरडं पडलं की तो अडतो. लहरींना तो अडसर जाणवत नाही. शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीने उष्णता वाहून नेण्याचा त्रासही कमी होतो.

मला विचाराल तर तापवणं हा सोपा भाग. सोनोग्राफीत बघत सुई चालवणाऱ्या डॉक्टरचा, म्हणजे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचा, कस लागतो तो कुठे थांबायचं यात. गाठीभोवतीचं पाच ते दहा मिलिमीटर निरोगी यकृतही जाळावं लागतं, नाहीतर कडेने रोग पुन्हा डोकं काढतो. पण मुख्य पित्तनलिका भाजली तर नवंच दुखणं. आतडं चिकटून असेल तर मध्ये द्रव सोडून ते बाजूला सारतात. त्यात जळताना उठणारे बुडबुडे सोनोग्राफीवर पांढरा ढग करतात आणि नेमकी कडाच दिसेनाशी होते. पाच-दहा मिनिटांत काम आटोपतं. सुई काढतानाही तिची वाट शेकत यायची, म्हणजे रक्तस्राव होत नाही आणि पेशी वाटेत सांडत नाहीत.

तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत हे उत्तम जमतं, पुढे भरवसा घटतो. नेदरलँड्सहून चाललेल्या ‘कोलिजन’ चाचणीत, मोठ्या आतड्यातून यकृतात पसरलेल्या एवढ्याच गाठींसाठी, रुग्ण जगण्याच्या बाबतीत असा उष्णतेचा उपचार शस्त्रक्रियेपेक्षा उणा ठरला नाही. गुंतागुंत मात्र कमी झाली.

महिन्याभराने सीटी होतो. दोन सेंटिमीटरच्या गाठीच्या जागी चारचा डाग वाचून घरचे घाबरतात. वास्तविक तो तेवढा हवाच असतो. डॉक्टर बघतात ते डागाच्या कडेला काही चमकतंय का, म्हणजे गाठीचा जिवंत भाग उरलाय का. सिरोसिसच्या यकृतात पुढे दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते, म्हणून तपासण्या चालूच राहतात. आलीच, तर पुन्हा अँटेना घालता येते.