पूर दोन्ही घरांना सारखाच येतो

यवतमाळ जिल्ह्यात घर बांधावयाचे झाल्यास पहिला प्रश्न भिंतींचा नसतो, मातीचा असतो. कापसाला मानवणारी येथील काळी माती घराला मानवत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उथळ पायावर उभारलेली भिंत या चढउतारात थोड्याच वर्षांत तडकते. म्हणून जाणता गवंडी काळी माती उपसून काढतो आणि मुरूम लागल्याखेरीज पायाचा दगड बसवीत नाही. या खोदाईवर होणारा खर्च पुढे कोणाच्या नजरेस पडत नाही. घर पाहावयास येणारा भिंतींची वाखाणणी करून जातो.

ख्रिस्ती धर्मग्रंथात पायासंबंधीचा असाच एक दृष्टान्त आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावरील प्रवचनाचा समारोप त्याने झाला आहे. एकाने आपले घर खडकावर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. पाऊस आला, पूर आला, वारा सुटला. पहिले घर टिकले, दुसरे कोसळले. लूकच्या शुभवर्तमानात हीच कथा सांगताना पहिल्या माणसाने खोल खणल्याचा मुद्दाम उल्लेख केला आहे. कथा सर्वपरिचित असल्यामुळेच की काय, तिच्यातील दोन गोष्टींकडे सहसा दुर्लक्ष होते. पहिली अशी की, पूर दोन्ही घरांना सारखाच येतो. श्रद्धावानाच्या दारावरून तो वळून जाईल, असे आश्वासन येशूने दिलेले नाही. दुसरी अशी की, उपदेश दोघांनीही ऐकलेला होता. भेद एवढाच की, एकाने तो आचरणात आणला आणि दुसऱ्याने तो ऐकून सोडून दिला. खडक म्हणजे नुसता विश्वास नव्हे, तर आचरणात उतरलेला विश्वास होय, असाच या दृष्टान्ताचा अर्थ लावावा लागतो.

ख्रिस्ती श्रद्धेवर स्थिर जीवन उभारता येते काय, हा प्रश्न यवतमाळसारख्या जिल्ह्यात केवळ धर्मचर्चेचा राहत नाही. कारण अस्थैर्य हा येथील अर्थव्यवस्थेचा स्थायी भाव आहे.

अस्थिर अर्थजीवन

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी अभूतपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. तेव्हापासून येथील शेतकऱ्याच्या चुलीचा संबंध सातासमुद्रापलीकडील बाजाराशी जोडला गेला, तो आजतागायत. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळला. स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये राज्य शासनाने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. पुढे तीही टिकली नाही. सिंचन तोकडे, पेरणी पावसाच्या भरवशावर, भांडवल उसने आणि भाव परक्याच्या हाती, अशा चार अनिश्चित गोष्टींवर येथील संसार उभा असतो.

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी व चार मुलांसह जीवनाचा शेवट केला. पुढच्या काळात अशा वार्ता इतक्या वाढल्या की, २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांना विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचा मदत कार्यक्रम जाहीर करावा लागला. त्या सहांत यवतमाळ होते. २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी झाली. या उपायांनी काही घरांना हात मिळाला, परंतु प्रश्न सुटला नाही. कर्जाचा आकडा माणसाला वाकवतो हे खरे. तथापि, पुष्कळदा त्याला मोडते ते त्या आकड्याबरोबर येणारे एकटेपण आणि चारचौघांत तोंड दाखविण्याची लाज. या दुसऱ्या दुखण्याला अंदाजपत्रकात रकाना नसतो.

‘फ्री’ या शब्दाचा अर्थ

यवतमाळ जिल्ह्यात ख्रिस्ती समाज संख्येने अगदी अल्प आहे. संपूर्ण महाराष्ट्रातच २०११ च्या जनगणनेनुसार त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत होते. येथील या समाजाच्या घडणीत अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट मिशनचा मोठा वाटा आहे. या पंथाच्या नावातील ‘फ्री’ या शब्दाला एक आर्थिक इतिहास आहे. १८६० मध्ये हा पंथ स्थापन झाला, त्या काळी अमेरिकेतील अनेक चर्चमध्ये बसावयाची बाके भाड्याने दिली जात. पैसेवाला पुढे बसे, गरीब मागे. ही बाके सर्वांना मोफत असावीत आणि गुलामांना मुक्ती मिळावी, असा या पंथाचा आग्रह होता. देवाच्या दारी दामाचा भेद नसावा, हे तत्त्व त्याच्या जन्माशीच निगडित आहे.

या परंपरेचा मूळ पुरुष जॉन वेस्ली (१७०३ ते १७९१). पैशासंबंधीची त्याची शिकवण तीन पायऱ्यांची होती: सचोटीने मिळवता येईल तेवढे मिळवावे, काटकसरीने वाचवता येईल तेवढे वाचवावे आणि देता येईल तेवढे देऊन टाकावे. ऑक्सफर्डमधील एका मेथडिस्टाची हकीकत त्याने नमूद केली आहे. तो माणूस स्वतः वेस्लीच असे मानले जाते. त्याचे उत्पन्न तीस पौंड होते, तेव्हा तो अठ्ठावीस पौंडांत भागवी आणि दोन पौंड दान करी. उत्पन्न दुपटीने, तिपटीने वाढले तरी त्याचा खर्च अठ्ठावीस पौंडांवरच राहिला. वाढले ते दान. वेस्लीला यातील एक पेचही दिसला होता. धर्म माणसाला उद्योगी व काटकसरी बनवतो, उद्योग व काटकसर यांतून संपत्ती येते आणि संपत्ती वाढली की धर्म ओसरू लागतो. या चक्रातून सुटण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे देत राहणे. पुढे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने प्रॉटेस्टंट नीतीवरील आपल्या सुप्रसिद्ध विवेचनात याच निरीक्षणाचा आधार घेतला.

पगारदार माणसाला आणि शेतकऱ्यालाही या हिशेबात शिकण्यासारखे आहे. स्थैर्य उत्पन्नाच्या आकड्यावर अवलंबून नसून उत्पन्न आणि गरज यांच्यामधील अंतरावर अवलंबून असते. हे अंतर राखण्याचे बळ कोठून तरी यावे लागते. ज्यांनी ते श्रद्धेतून मिळवले, त्यांनी ते दर आठवड्याच्या सवयीतून मिळवले. रविवारची उपासना, वर्गणीची थैली, आजाऱ्याच्या घरी जाऊन केलेली प्रार्थना या गोष्टी दिसावयास क्षुल्लक आहेत. परंतु जेथे एखादा माणूस सलग दोन रविवार दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारात उभे राहते, तेथे एकटेपणाला फारशी जागा उरत नाही.

दोन मराठी आयुष्ये

पंडिता रमाबाईंचे आयुष्य पाहिले, तर पूर किती वेळा येऊ शकतो याची कल्पना येते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि स्वदेशी परतल्यावर १८८९ मध्ये शारदा सदन सुरू केले. धर्मांतरामुळे ज्यांचा रोष पत्करावा लागला, त्यांत त्यांचे कालपर्यंतचे सहकारीही होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात प्रार्थनेबरोबर शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. अनाथ मुलीला नुसता आसरा पुरत नाही, तिच्या हाताला काम लागते, हे त्यांनी ओळखले होते. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. ते हातावेगळे करूनच १९२२ मध्ये त्यांनी देह ठेवला. स्थिर जीवन याचा अर्थ सुखरूप जीवन असा घेतला, तर रमाबाईंचे जीवन अस्थिरच म्हणावे लागेल. परंतु तसे म्हणण्यास कोणाचे मन धजणार नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची कथा वेगळी आहे. नागपूरशीही संबंध आलेल्या या फिरस्त्या कवीने १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि घर उभे दुभंगले. लक्ष्मीबाईंनी काही वर्षे विरहात काढल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने त्यांनीही तोच मार्ग धरला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या मराठी वाचकाला हा सारा प्रवास ठाऊक आहेच. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट पुढची आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या पगारी सेवेचा त्याग केला आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. श्रद्धा आणि पगार या दोहोंपैकी आपण कशावर उभे आहोत, हे त्यांनी उतारवयात स्वतःलाच तपासून दाखविले.

प्रलोभनाचा आक्षेप

येथे एका जुन्या आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. दुष्काळातील धान्य, शाळा, दवाखाना आणि परदेशी पैसा यांच्या आधाराने झालेले धर्मांतर ही श्रद्धा नव्हे, तो सौदा होय, असे म्हटले जाते. यवतमाळ जिल्हा तत्कालीन मध्य प्रदेशात असताना त्या शासनाने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५६ मध्ये आपला अहवाल दिला. त्यात हा आक्षेप सविस्तर मांडला आहे. तो सर्वस्वी निराधार म्हणून झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भुकेल्या माणसाने भाकरी देणाऱ्याचा देव आपला मानला, तर त्याच्या मनातील भूक कोणती आणि भक्ती कोणती, हे वेगळे करणे त्यालाही अवघड जाते.

मात्र, अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रलोभनाची कसोटी प्रलोभन संपल्यावरच लागते. दरम्यान परदेशी मिशनऱ्यांचा काळ मागे पडला. १९५३ मध्ये यवतमाळ येथे सुरू झालेली आणि अनेक प्रांतांतील विद्यार्थ्यांना या गावात आणणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी ही संस्था १९८३ मध्ये पुण्यास गेली. मोठी संस्था गाव सोडून जाते, तेव्हा तिच्याबरोबर रोजगार, वर्दळ आणि प्रतिष्ठाही जाते. तरीही यवतमाळची उपासना थांबली नाही. जी श्रद्धा इमारतीवर उभी असते, ती इमारतीबरोबर जाते. येथे ती मागे राहिली, हे उत्तर पुरेसे बोलके आहे.

कायद्याचा हिशेब तर याहून कठोर आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने या सवलती धर्माशी जोडल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती झालेला दलित मात्र बाहेरच राहिला. आदिवासींना ही अट नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये सादर केलेल्या अहवालात ही धार्मिक अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमण्यात आला. समजा, एकाच वस्तीतील दोन भावांपैकी एक ख्रिस्ती झाला. गावाच्या नजरेत त्याची जात बदलत नाही. मात्र त्याच्या मुलाला शिष्यवृत्तीच्या आणि नोकरीच्या अर्जात तो रकाना भरता येत नाही. अशा घराने श्रद्धा सोडली नाही, तर तिला सौदा म्हणता येईल काय? सौद्यात माणूस तोटा पिढ्यान्‌पिढ्या सोसत नाही.

वाळू कोणती?

तरीही श्रद्धेचा एक प्रकार वाळूसारखा असतो, हे सांगितलेच पाहिजे. प्रार्थना केली की कर्ज फिटेल, दुखणे पळेल, धंद्याला बरकत येईल, असे सांगणारे उपदेशक अलीकडे सर्वत्र आढळतात. ही देवाशी केलेली उधारी होय. पीक बुडाले की अशा माणसाचे दुहेरी दिवाळे निघते: पैसा जातो आणि देवही जातो. दुखण्यात औषध टाळून केवळ चमत्काराची वाट पाहणे हाही त्याच वाळूचा प्रकार आहे. केळापूर तालुक्यातील उमरी येथे ख्रिस्ती मिशनने रुग्णालय उभारले, ते प्रार्थनेवरील विश्वास कमी होता म्हणून नव्हे. प्रार्थना करणाऱ्याच्या हातून औषधही दिले गेले पाहिजे, अशी त्यामागील धारणा होती.

हे सत्य एका धर्मापुरते नाही, हे वऱ्हाडातील वाचकाला वेगळे सांगावयास नको. गाडगेबाबांनी देवाचे नाव घेत हाती खराटा धरला आणि लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या. तुकडोजी महाराजांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजविली, ती ग्रामसेवेशी जोडून. ज्या श्रद्धेला हातपाय फुटले, ती टिकली.

शासनाने यातून सोयीस्कर अर्थ काढू नये. सिंचन, वेळेवर पतपुरवठा आणि रास्त भाव ही शासनाची जबाबदारी आहे. ती भक्तीच्या खांद्यावर टाकता येणार नाही. श्रद्धा पूर अडवीत नाही, त्यासाठी बांध घालावा लागतो. परंतु बांध फुटलेल्या वर्षी घरातील माणसे एकमेकांस धरून राहतात की नाही, हे पाया किती खोल गेला आहे यावर ठरते. ती खोदाई सुगीच्या दिवसांत, कोणी पाहत नसताना, रोज थोडीथोडी करावी लागते. पाणी उंबऱ्याला लागल्यावर पाया खणता येत नाही.