विषारी नायट्रोजन संयुगे आणि ऑक्साइड-गुच्छ उत्प्रेरक

वाळूज औद्योगिक वसाहतीस लागून असलेल्या बजाजनगराचे नाव दुचाकींच्या निर्मितीशी निगडित आहे. कोणत्याही वाहनाच्या इंजिनात ज्वलनाचे तापमान फार वाढले म्हणजे हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन विषारी ऑक्साइडे निर्माण होतात. दुसरीकडे, खते व सांडपाणी यांतून नायट्रेट विहिरींच्या पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. कारण शरीरात त्याचे नायट्राइट होऊन तान्ह्या मुलांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती घटते.

या द्रव्यांचा केवळ नाश करावा, की त्यांतील नायट्रोजन पुन्हा उपयोगात आणावा, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न होय. व्हॅनेडियम व टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांवर धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांची अमोनियाशी विक्रिया घडवून निरुपद्रवी नायट्रोजन मिळविता येतो. धूर शुद्ध होतो खरा. परंतु सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानास व मोठ्या दाबाखाली सिद्ध केलेला अमोनिया त्यात खर्ची पडतो.

याउलट, नायट्रेटपासूनच अमोनिया करावयाचा, तर एका नायट्रेट आयनास ८ इलेक्ट्रॉन व ९ प्रोटॉन पुरवावे लागतात. हे इलेक्ट्रॉन क्रमाने न मिळाल्यास विक्रिया मध्येच नायट्राइटवर थांबते, किंवा पाण्यातील प्रोटॉनच ते घेऊन हायड्रोजन बनवितात. म्हणून अनेक इलेक्ट्रॉन साठवून योग्य वेळी देणारा उत्प्रेरक हवा.

धातु-ऑक्साइडांच्या गुच्छांत हा गुण आढळतो. असे पहिले संयुग बर्झेलिअस यांनी १८२६ मध्ये वर्णिले. एका फॉस्फरसभोवती १२ टंगस्टन व ४० ऑक्सिजन अणू असलेल्या गुच्छाची रचना केगिन यांनी १९३३ मध्ये उलगडली. हा गुच्छ इलेक्ट्रॉन घेऊन निळा होतो, तरी त्याचा सांगाडा मोडत नाही. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील प्रयोगांत ६ व्हॅनेडियम अणूंच्या गुच्छातील एक ऑक्सिजन काढून टाकण्यात आला. त्या रिकाम्या जागी नायट्रेटमधील ऑक्सिजन ओढला जातो. मात्र तेथे मिळणारे नायट्रिक ऑक्साइड स्वतःच विषारी आहे. शिवाय भरलेली जागा प्रोटॉन व इलेक्ट्रॉन देऊन पाण्याच्या रूपाने पुन्हा रिकामी केल्यावाचून उत्प्रेरणाचे चक्र पूर्ण होत नाही.

नायट्रोबेंझीनचे ॲनिलीन करण्यास ६ इलेक्ट्रॉन व ६ प्रोटॉन पुरतात, आणि ॲनिलीन हे रंग व औषधे यांचे मूलद्रव्य असल्याने त्यास मागणीही आहे.

विद्यार्थ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. हवेत व रसायनांत अमोनियाचा अंश असतोच. म्हणून १५ वस्तुमानांकाच्या नायट्रोजनाने अंकित केलेले नायट्रेट वापरून, अमोनियातील नायट्रोजन त्यातूनच आला आहे, हे सिद्ध करावे. त्यावाचून काढलेला निष्कर्ष ग्राह्य मानू नये.