कपिलधार : बालाघाटातील पदभ्रमण व क्षेत्र-अध्ययन

प्रस्तावना

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने २००४ च्या सुमारास पदवी स्तरावर पर्यावरण अध्ययनाचा पन्नास तासिकांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. त्यातील आठवे व अखेरचे प्रकरण क्षेत्रकार्याचे असून त्यासाठी पाच तासिका राखून ठेवण्यात आल्या होत्या. नदी, वन, गवताळ प्रदेश वा डोंगर यांपैकी एखाद्या स्थानिक घटकास भेट देऊन नोंदी कराव्यात, अशी त्यामागील अपेक्षा होती. पुढे अभ्यासक्रम बदलले. तथापि हे प्रकरण बहुतांशी प्रकल्पवहीतच उरकले जाते, हे आपण अध्यापक मंडळी मनोमन जाणतो. बीड परिसरातील महाविद्यालयांना तर त्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. शहराच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, मांजरसुंब्यानजीक बालाघाटाच्या कुशीत कपिलधार वसलेले आहे. प्रस्तुत लेखात या स्थळाचा विचार पर्यटनाच्या अंगाने न करता पायी हिंडून वाचावयाचा डोंगर या दृष्टीने केला आहे.

स्थानमाहात्म्य

कपिलमुनींनी येथे तप केले अशी श्रद्धा असून त्यावरूनच हे नाव रूढ झाले. मराठी वीरशैव वाङ्मयातील ‘परमरहस्य’ या ग्रंथाचे कर्ते संत मन्मथस्वामी यांची समाधी येथे आहे. कार्तिक पौर्णिमेस येथे मोठी यात्रा भरते व मराठवाड्याच्या अनेक भागांतून दिंड्या पायी येतात. डोंगरात पायी जाण्याची परंपरा आपल्याकडे ‘ट्रेकिंग’ या शब्दाबरोबर आली नाही, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

भूरचना आणि पाणी

बालाघाट ही सह्याद्रीतून आग्नेयेकडे निघालेली ठेंगणी रांग होय. उंचीने ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. परंतु तिच्या उत्तरेकडील उतारांचे पाणी बिंदुसरा व सिंदफणा या नद्यांमधून गोदावरीस मिळते. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा पूर्वेकडे लांबवर जाऊन अखेर गोदावरीतच विलीन होते. तर पलीकडील उतार सीनेच्या द्वारे भीमेस पाणी देतात. म्हणजे या बोडक्या भासणाऱ्या पठारावर पडलेला पाऊस दोन मोठ्या नद्यांत विभागला जातो.

हा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचा बनलेला आहे. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट व कठीण, तर वरचा भाग सच्छिद्र व लवकर झिजणारा असतो. काही थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टाही आढळतो. पठारावर मुरलेले पाणी खडकातील उभ्या भेगांतून खाली उतरते, अशा चिकट पट्ट्यापाशी अडते आणि उताराच्या पोटातून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. धबधब्याचे गमकही याच रचनेत आहे. वरचा कठीण थर टिकून राहतो, त्याखालचा मऊ थर पाण्याने कोरला जातो आणि कडा पुढे झुकते. अशी झुकलेली कडा कधीतरी कोसळणारच. म्हणून पावसाळ्यात धारेखाली उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह विद्यार्थ्यांना होत असला, तरी भूगोलाच्या अध्यापकाने तो ठामपणे मोडून काढावा.

पठारावर झाड, झुडूप व गवत असेल तर पाणी थबकते, मुरते आणि धार पाऊस संपल्यावरही काही काळ टिकते. आवरण गेले की तेच पाणी गढूळ लोंढ्याने काही तासांत वाहून जाते. सबब कपिलधारची धार किती दिवस टिकते हा प्रश्न धारेपाशी सुटणारा नाही. त्यासाठी वर, पठारावर चढून जावे लागते. बहुसंख्य सहली मात्र खालूनच परततात.

वनस्पती व वन्यजीव

येथील वन शुष्क पानझडी व काटेरी झुडपांचे आहे. बालाघाटात पळस, धावडा, सालई, खैर, आपटा, हिवर, बोर हे वृक्ष व मोकळ्या उतारांवर कुसळी गवत सर्वत्र आढळते. सीताफळ तर या रांगेची ओळखच; बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. त्याच्या पानांना जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईच्या उतारावरही ते तग धरते. अनेक टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाचेही तसेच. टेकडी हिरवी दिसली म्हणजे वन परतले असा निष्कर्ष काढण्यापूर्वी, त्या हिरवाईत स्थानिक जाती किती हे मोजण्याचा सराव विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्यावा.

कपिलधारला अभयारण्याचा दर्जा नाही. जिल्ह्यातील अभयारण्य म्हणजे पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य. १९९४ मध्ये घोषित झालेले हे क्षेत्र सुमारे तीस चौरस किलोमीटरचे आहे. बीडजवळील पालवण येथे २०२० च्या फेब्रुवारीत वृक्षसंमेलन भरले, ही घटना या उजाड म्हणून हिणवल्या गेलेल्या जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष होय.

डोंगर आणि कोयता

क्षेत्रभेटीत एक गोष्ट हमखास सुटते. कार्तिकी यात्रेच्या सुमारासच याच डोंगरपट्ट्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. एका बाजूने दिंड्या कपिलधारकडे येत असतात आणि दुसऱ्या बाजूने संसार लादलेल्या गाड्या जिल्ह्याबाहेर जात असतात. या स्थलांतराची कारणे अनेक आहेत. जमीनधारणा, उचल व बाजार यांचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु उथळ माती, मुरुमाड उतार व न मुरणारे पाणी हे त्यांपैकी एक कारण निश्चितच आहे, आणि ते पायाखाली दिसते. आपल्या वर्गातील कित्येक विद्यार्थी याच घरांतून आलेले असतात. डोंगराविषयी त्यांना आपल्याहून अधिक ठाऊक असते. त्यांना वाटाड्याचा मान द्यावा, केवळ श्रोत्याचा नव्हे.

भेटीचा काळ व दक्षता

श्रावणात धार भरात असते, परंतु गर्दीही तितकीच असते आणि शेवाळलेल्या खडकावरून पाय घसरण्याचा धोका मोठा. शिवाय वर पठारावर जोराचा पाऊस झाला, तर खाली आकाश निरभ्र असतानाही ओढ्याचे पाणी अकस्मात वाढते. पाणी गढूळ होऊ लागले वा पालापाचोळा वाहून येऊ लागला की तत्काळ पात्राबाहेर पडावे.

अध्ययनासाठी आश्विन अधिक उपयुक्त: गवत उभे असते, सीताफळे पिकत असतात व झरे ओळखू येतात. मात्र एकच भेट अपुरी होय. त्याच वाटेने फाल्गुनात पुन्हा जावे. पाने गळून खडकाचे थर उघडे पडलेले असतात, पळस फुललेला असतो आणि आश्विनात नोंदलेल्या झऱ्यांपैकी कोणते आटले हे पडताळता येते. या काळात वाळलेले गवत ठिणगीचीही वाट पाहत असते. चुलीवरचा स्वयंपाक, विडी-सिगारेट व काडेपेटी यांना पूर्ण मज्जाव असावा. वनक्षेत्रात शिरण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी व गटासोबत स्थानिक व्यक्ती असावी.

साधने फार लागत नाहीत. ठरावीक मापाची बादली व घड्याळ यांच्या साहाय्याने झऱ्याचा प्रवाह मोजता येतो. दहा मीटर दोरीचा चौकोन आखून त्यातील झाडे जातिनिहाय मोजता येतात. चौकोनाची जागा प्रत्येक वर्षी तीच ठेवावी आणि वही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करावी, म्हणजे पुढील तुकडीस मागील तुकडीच्या आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहता येतील.