गाऱ्हाणं गोलात मांडताना

भोंडल्याच्या गाण्यांत कारल्याच्या वेलाचं एक गाणं आहे. सुनेला माहेरी जायचंय. सासू नको म्हणत नाही. कारल्याचं बी पेर आणि मग जा, एवढंच सांगते. बी पेरून होतं, तर वेल यायला हवा. वेल आला, तर कारलं लागायला हवं. कारलं लागलं, तर त्याची भाजी व्हायला हवी. एक अट पुरी केली की पुढची तयार. कुणी हात उगारत नाही, कुणी शिवी देत नाही, आणि गाणं लांबत जातं तसा सुनेचा पाय उंबरठ्यातच अडकून राहतो. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून आठ-दहा वर्षांच्या मुली हे गाणं भराभरा उरकतात, कारण सगळं लक्ष खिरापतीवर. पण भावनिक छळ म्हणजे काय हे समजावायला इतकं नेमकं उदाहरण मानसशास्त्राच्या पुस्तकातही सहजी सापडायचं नाही.

जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगाव हिंडून, सहकाऱ्यांना सोबत घेऊन, लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, लेकीचं कौतुक आहे आणि सासुरवासही आहे. भल्या पहाटे, घर झोपलेलं असताना, खुंट्याला दोघींचे हात लागायचे आणि दिवसा ओठांवर न येणारं सूर धरून बाहेर पडायचं. या ओव्यांवर आपण भरभरून लिहितो. मला मात्र त्यांतला एक हिशेब नेहमी अपुरा वाटतो. ओवीनं मन हलकं झालं हे खरं, पण दळण संपलं की बाई त्याच घरात, त्याच माणसांपुढे, त्याच धास्तीनं उभी राहायची. जातं ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही. पुढे पिठाची गिरणी आली, जातं अडगळीत गेलं आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये खुंट्याला हात लावणारी ती दुसरीही उरली नाही. आजच्या गटोपचारात आणि कलेच्या आधारानं चालणाऱ्या उपचारात ती दुसरी बाई परत येते, आणि ती बोलते.

आधी छळाविषयी. मारहाण दिसते, दवाखान्याच्या कागदावर येते. टोमणे, चारचौघांत पाणउतारा, माहेरचा उद्धार, दिवसेंदिवस अबोला, फोन तपासणं, पैशापैशाचा हिशेब मागणं, आणि वर ‘मी असं बोललोच नाही, तुझ्याच मनाचे खेळ’, याचा वळ उठत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना याबद्दल थेट प्रश्न विचारतात: नवऱ्यानं कधी इतरांसमोर अपमान केला का, तुम्हाला किंवा तुमच्या जवळच्या कुणाला इजा करायची धमकी दिली का, तुम्हाला स्वतःबद्दलच वाईट वाटेल असं बोलला का. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या किंवा कधीकाळी झालेल्या बायकांपैकी सुमारे ३२ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक, लैंगिक किंवा भावनिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि हे फक्त सांगितलेलं.

ही हिंसाच आहे हे कायद्यालाही मान्य आहे, पण अनेक सुशिक्षित घरांत ते ठाऊक नसतं. २६ ऑक्टोबर २००६पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या तिसऱ्या कलमात शाब्दिक आणि भावनिक छळ स्वतंत्रपणे नोंदला आहे. अपमान, टिंगल, नावं ठेवणं, विशेषतः मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं, जवळच्या माणसाला इजा करण्याची वारंवार धमकी, हे सगळं त्यात येतं. हा कायदा बायकांपुरता आहे. पुरुष, मुलं, घरातली म्हातारी माणसं यांचाही असा छळ होतो आणि त्यांची गाऱ्हाणी आणखी कमी ऐकली जातात. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

या छळात माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते स्वतःच्या साक्षीवरच्या विश्वासाचं. घडलं ते खरंच घडलं का, आपणच हळवे आहोत का, चूक आपलीच असेल का? वर्षानुवर्षं घरातला एकच आवाज ऐकला की माणूस तोच आवाज डोक्यात घेऊन फिरायला लागतो. एकट्या समुपदेशकानं ‘तुमची चूक नाही’ म्हटलं तर बरं वाटतं, पण मनात शंका राहते: याचं कामच आहे असं म्हणायचं. समोरच्या खुर्चीतली अनोळखी बाई जेव्हा आपल्या नवऱ्याची वाक्यं तिच्या नवऱ्याच्या तोंडची म्हणून ऐकवते, तेव्हा ती शंका टिकत नाही.

गटोपचाराची सुरुवात मनाच्या दवाखान्यात झालीच नाही. १९०५मध्ये बॉस्टनच्या जोसेफ प्रॅट या डॉक्टरनं क्षयाच्या गरीब रुग्णांना एकत्र बसवून पथ्यपाणी शिकवायला सुरुवात केली, आणि रुग्णांना एकमेकांचाच आधार जास्त होतोय हे त्याच्या लक्षात आलं. पुढे १९७०मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी गटोपचारावरचा आपला ग्रंथ लिहिला, तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. गटात माणूस कशानं सुधारतो याचे अकरा घटक त्यांनी मांडले. ‘हे माझ्या एकटीचंच नाही’ ही जाणीव त्यांतली एक. दुसरा घटक मला जास्त महत्त्वाचा वाटतो: दुसऱ्याच्या उपयोगी पडणं. आपण कुचकामी आहोत हे ज्या बाईच्या मनावर रोज बिंबवलं गेलं, तिनं सुचवलेली साधी युक्ती पुढच्या आठवड्यात कुणीतरी वापरून येते. गटात माणसं साधारण सात-आठ असावीत असं यालोम सांगतात. फार कमी झाली तर गप्पा अडतात, फार झाली तर एखादी कोपऱ्यात गप्प बसून निघून जाते.

मात्र सात-आठ दुखावलेली माणसं एका खोलीत बसवली की गटोपचार होतो, असं नाही. हार्वर्डच्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२च्या आपल्या पुस्तकात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत मिसळणं. प्रत्येक टप्प्याचा गटही वेगळा. पहिल्या गटात कुणालाही कहाणी विचारायची नाही. झोप, पैसे, कागदपत्रं, अडीअडचणीला कुणाकडे जायचं, छाती धडधडायला लागली तर काय करायचं, एवढंच. दुसरा गट बंद दाराचा आणि ठरावीक मुदतीचा: मध्येच नवीन माणूस घ्यायचा नाही, आणि आपण काय साधायला आलोय हे प्रत्येकीनं आधी ठरवायचं. आपल्याकडे नेमकी इथे घाई होते. ‘मोकळं कर मन’ म्हणून पहिल्याच दिवशी सगळं ओकायला लावलं, तर ती बाई रात्रभर तळमळते आणि पुढच्या आठवड्यात येत नाही.

महाराष्ट्रात गटोपचाराची एक जवळची वाट व्यसनमुक्तीच्या कामातून आली. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीनं, पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. दारू एकजण पितो आणि घर सगळं आजारी पडतं, हे तिथे दिसत होतं. त्यातून रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट उभा राहिला. नवरा सुधारेल तेव्हा सुधारेल, तुझं काय, हा प्रश्न त्या बायकांना बहुधा कुणी विचारलेलाच नसतो.

आता कलेकडे. कला इथे कशासाठी? कारण छळाची कहाणी सरळ सांगता येत नाही. सांगायला बसलं की ती तुकड्यातुकड्यांत येते, नाहीतर वकिलापुढे मांडल्यासारखी तारीखवार येते आणि त्यात सांगणारीच कुठे नसते. ज्यांच्याकडे शब्द कमी, किंवा ज्यांचा प्रत्येक शब्द घरात उलटवला गेलाय, त्यांना रंग, हालचाल, सोंग हे आडवळणाचे रस्ते बरे पडतात.

‘जीवनवृक्ष’ नावाची एक पद्धत बघा. झिम्बाब्वेच्या न्काझेलो न्क्यूबे आणि ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड डेनबरो यांनी ती मुळात दक्षिण आफ्रिकेच्या टापूतल्या, एड्सनं घरं मोडलेल्या मुलांसाठी तयार केली. प्रत्येकाला एक मोठा कागद आणि खडू. झाड काढायचं. मुळांत आपलं गाव, भाषा, लहानपणीची गाणी, कुणी शिकवलेलं काही. जमिनीवर आपला आजचा दिवस. खोडात आपल्याला काय काय येतं ते. फांद्यांवर आशा, पानांवर जिवाभावाची माणसं, मग ती हयात नसली तरी चालतील. खोड भरताना बायका हमखास अडतात. मुळं भराभर होतात, आजीचं नाव, गावची जत्रा, विहीर. खोडाशी आलं की खडू थांबतो. ‘मला काय येतंय?’ मग शेजारची तिच्या कागदावर वाकून म्हणते, अगं, मघाशी तूच सांगितलंस ना, चार घरचे डबे करून पोरांची फी भरलीस, ते लिही. झाडं पूर्ण झाली की सगळे कागद भिंतीवर शेजारी शेजारी लावायचे आणि रान तयार झालं की मगच वादळांविषयी बोलायचं. आधी नाही. या पद्धतीतलं सगळं शहाणपण मला त्या क्रमात दिसतं. जखमेच्या आधी माणूस उभा करायचा.

नाट्योपचाराचा पाया मनोविकारतज्ज्ञ याकोब मोरेनो यांनी १९२१च्या सुमारास व्हिएन्नात घातला. त्यांची एक युक्ती साधी आणि जबरदस्त आहे. बाई खुर्चीत बसून आपली गोष्ट सांगते, दुसरी तिच्या पाठीमागे उभी राहते आणि तिचं न बोललेलं बोलते. पुढची म्हणते, ‘चालायचंच, सगळ्यांच्याच घरी असतं.’ मागची म्हणते, ‘मला राग आलाय.’ पुढचीला हे दुरुस्त करायचा पूर्ण हक्क. ‘राग नाही, लाज वाटते,’ असं ती म्हणाली की काम सुरू झालं. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल लष्करी राजवटीमुळे देशाबाहेर पडले आणि युरोपात पोचले, तेव्हा त्यांच्या नाट्यशिबिरांत लोक वेगळंच दुःख घेऊन यायला लागले. दारात शिपाई नाही, तरी पाऊल उचलत नाही. हा पोलीस डोक्यात बसलाय असं बोआलना जाणवलं, आणि त्या डोक्यातल्या पोलिसाला रंगमंचावर आणून त्याच्याशी भांडायचे खेळ त्यांनी रचले. भावनिक छळाचं याहून चपखल वर्णन माझ्या वाचनात नाही. बोआल यांची पद्धत भारतात, १९८५मध्ये सुरू झालेल्या ‘जन संस्कृती’ या नाट्यसंस्थेनं बंगालच्या खेड्यापाड्यांत रुजवली. घरातल्या जुलमाचा प्रसंग दाखवायचा, तो थांबवायचा, आणि प्रेक्षकांतल्या बाईनं उठून प्रसंगातल्या सुनेच्या जागी उभं राहायचं, मनात येईल ते करून बघायचं.

शरीरही बरंच काही धरून ठेवतं. दाराची कडी वाजली की आवळणारे खांदे, कुणी मोठ्यानं बोललं की आखडणारी मान. कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४मध्ये स्थापन केलेली ‘कोलकाता संवेद’ ही संस्था देहव्यापारातून सुटलेल्या मुलींसोबत नृत्योपचार करते. त्याचं शिक्षण आता मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही मिळतं. पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९मध्ये सुरू केलेल्या ‘बापू ट्रस्ट’नं वस्त्यांमधल्या मानसिक आरोग्याच्या कामात कलेचा वापर केला.

आणि लिहिणं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६मध्ये छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सगळ्यात वाईट अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. लिहिताना आणि लगेच नंतर त्यांना वाईटच वाटलं, पुढच्या काही महिन्यांत मात्र दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. नंतरच्या शेकडो अभ्यासांत हा परिणाम टिकला, पण बेताचाच निघाला. त्यामुळे ‘डायरी लिहा, सगळं ठीक होईल’ हा सल्ला फार स्वस्त आहे. शिवाय आपल्या घरांत वही ठेवायची कुठे? कपाटाची किल्ली सासूकडे, फोनचा पासवर्ड नवऱ्याला पाठ. सापडलेली वही हे छळाचं नवं हत्यार होतं. म्हणून घरात धोका असेल तर वही संस्थेच्या कपाटातच ठेवावी, किंवा लिहावं आणि फाडून टाकावं. फायदा लिहिण्यात आहे, जपून ठेवण्यात नाही.

धोके आणखीही आहेत. गटाची चर्चा गावभर झाली तर त्या बाईला तोंड दाखवायची सोय राहत नाही. छोट्या गावात गट चालवणं त्यासाठीच अवघड. दुसरा धोका दुःखाच्या चढाओढीचा: हिच्यापुढे माझं काहीच नाही, असं वाटून एखादी गप्प होते. तिसरा, गुरूबाजीचा. दोन दिवसांचं शिबिर, मंद दिवे, रडारड, मिठ्या आणि भरमसाट फी. सूत्रधार स्वतःच गोलाच्या मधोमध बसत असेल तर तिथून उठावं. आणि एक गोष्ट मी ठासून सांगेन: छळ चालू असताना नवरा-बायकोला एकत्र बसवून ‘दोघांनी थोडं थोडं सोडा’ म्हणणारं समुपदेशन अशा प्रकरणांत घातक ठरतं. तिथे बोललेल्या प्रत्येक शब्दाची वसुली घरी होते.

आपल्याकडे कुठे जायचं? मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अशा बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, नंतर ते शहरातल्या इतर रुग्णालयांतही पोचलं. रुग्णालय निवडण्यामागे व्यवहार होता. डोकं दुखतंय म्हणून दवाखान्यात निघालेल्या सुनेला घरी कुणी अडवत नाही, आणि न उतरणारी डोकेदुखी, न येणारी झोप याच तर या छळाच्या खुणा. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही आज राज्यात अनेक ठिकाणी आहे. यांतली प्रत्येक जागा गट चालवतेच असं नाही, पण योग्य गटापर्यंत पोचायची वाट इथूनच सुरू होते. गटात जाण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: चालवणाऱ्याचं शिक्षण काय, गुप्ततेचा नियम कोणता, आणि मला मध्येच थांबावंसं वाटलं तर काय. सरळ उत्तर आलं नाही तर दुसरीकडे बघावं.

बायकांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी, बाई असो वा पुरुष, केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य मिळते आणि मराठीत बोलता येतं. फोन घरच्यांच्या नजरेखाली असेल तर शेजारणीच्या किंवा कामावरच्या फोनवरून लावा, आणि नंतर तो क्रमांक यादीतून पुसायला विसरू नका.