गाळप हंगाम आणि गावची शाळा



दिवाळी सरली की आपल्या भागात दोन कामे एकदमच सुरू होतात. कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते आणि प्राथमिक शाळेचे दुसरे सत्र उघडते. बॉयलर कधी पेटला, आपली तोड कितव्या पाळीत आहे, ही खबर बांधाबांधावर पोचते. पण शाळेत काय चालले आहे असे विचारले तर बहुतेक घरी एकच उत्तर मिळते, "ते पोरालाच ठाऊक." शेतीची कामे असतात, तोडीची घाई असते, हे खरेच. तरी मुलाचे वर्ष आणि उसाचे वर्ष एकाच वेळी भरत असते. म्हणून या अंकात शाळेच्या दुसऱ्या सत्राची माहिती, पुढे येणारे कार्यक्रम आणि त्यात पालकांनी काय करायचे, हे सविस्तर देत आहोत. शेवटी एक विषय असा आहे की तो आपल्या मुलांचा नाही, पण आपल्या फडातला मात्र नक्की आहे. तोही वाचावा.

वर्षाचे दिवस किती?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संसदेने केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास, असे त्यात ठरवून दिले आहे.

आता हिशेब मांडा. आठवड्याला सहा दिवस शाळा धरली तर २०० दिवस म्हणजे साधारण तेहतीस-चौतीस आठवडे. सोमवारचा बाजार, पाव्हण्याकडची वास्तुशांत, कधी पाणी पाजायला सोबत, असे करून आठवड्यातला एकच दिवस मूल घरी राहिले, तरी वर्षाचे तेहतीस दिवस गेले. म्हणजे सहावा हिस्सा! पाचवीपर्यंत असेच चालले तर पाच वर्षांत १६५ दिवस बुडाले. कागदावर पोरगे पाचवी शिकले, पण प्रत्यक्षात चार वर्षांच्या थोडे वरच शाळेत बसले.

उसाच्या लागणीत तुटाळ पडली तर आपण महिन्याभरातच नांग्या भरतो. उशीर केला तर भोवतालचा ऊस वर निघतो आणि मागून लावलेले रोप सावलीत खुरटते, हे कुणाला सांगायला नको. मुलाचेही तसेच आहे. वर्ग पुढे गेला की मागचा भाग कळत नाही, कळत नाही म्हणून कंटाळा येतो आणि कंटाळा आला की आणखी दिवस बुडतात. वजाबाकीत हातचा घेणे ज्या आठवड्यात शिकवले त्याच आठवड्यात मूल गैरहजर असले, तर पुढे भागाकारापर्यंत ते चाचपडत राहते. म्हणून मूल आजारी पडून घरी राहिले तर बरे झाल्यावर गुरुजींना किंवा बाईंना भेटून "मधल्या दिवसांत काय झाले?" एवढे जरूर विचारावे.

लिहिता-वाचता येते का, हे कसे ओळखावे?

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत, यासाठी २०२१ साली देशभर निपुण भारत अभियान सुरू झाले. हे ध्येय शाळेचे आहे, पण त्याची चाचणी घरीसुद्धा घेता येते. मुलासमोर हेच वार्तापत्र धरा आणि एक परिच्छेद वाचायला सांगा. वाचून झाल्यावर "काय लिहिलंय रं यात?" एवढेच विचारा. वाचले पण सांगता आले नाही, तर समजून घ्यावे की मूल अक्षरे जोडते आहे, वाचत नाही. मग उसाच्या वजनाची पावती पुढे ठेवून भरलेल्या वाहनाच्या वजनातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा करायला सांगा. तिसरी-चौथीच्या मुलाला ते यायला हवे. नाही आले तर रागावू नका. त्याच आठवड्यात शाळेत जाऊन शिक्षकांच्या कानावर घाला. मारहाण किंवा मानसिक छळ करायला शाळेत कायद्याने बंदी आहे. घरीही मारून कुणाला गणित आलेले नाही.

आणखी एक बदल ध्यानात ठेवावा. मधली काही वर्षे आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवत नसत. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. तेव्हा "आठवीपर्यंत काय, ढकलतातच" या भरवशावर राहू नये.

पुढचे कार्यक्रम

दुसऱ्या सत्रात प्राथमिक शाळांत पुढील दिवस साजरे होतात. घरातील एका तरी माणसाने शाळेत जावे.

७ नोव्हेंबर, विद्यार्थी दिवस. १९०० साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. २०१७ पासून राज्यात हा दिवस पाळला जातो.

१४ नोव्हेंबर, बालदिन.

३ जानेवारी, सावित्रीबाई फुले जयंती. हा बालिका दिन म्हणून साजरा होतो. या दिवशी आयांनी व आज्यांनी आवर्जून जावे.

२६ जानेवारी, प्रजासत्ताक दिन. झेंडावंदन झाल्यावर लगेच घरी न परतता वर्गाची खोली, पाण्याची टाकी आणि मुलींचे स्वच्छतागृह बघून यावे.

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन आणि दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिन.

याशिवाय डिसेंबर-जानेवारीत केंद्र व तालुका पातळीवरच्या क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलन आणि सहल असते. सहलीला मुलींना "कशाला जायचं?" म्हणून मागे ठेवू नये. आरोग्य तपासणीचे पथक शाळेत येते त्या दिवशी मूल हजर राहील असे पाहावे. दात, डोळे, कान यांतला दोष तिथेच ध्यानात येतो. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागे पडलेले मूल पुष्कळदा "ढ" ठरवले जाते.

ज्यांचे मूल पुढच्या जूनमध्ये पहिलीला जाणार आहे त्यांनी शाळापूर्व तयारीचा मेळावा चुकवू नये. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या नावाने हा उपक्रम राज्यभर घेतला जातो. मुलाची कितपत तयारी आहे आणि घरी आईने कोणते खेळ घ्यावेत, हे तिथे दाखवतात.

शाळेचे संचालक मंडळ

कारखान्याच्या निवडणुकीला आपण कसे उत्साहाने जातो! शाळेलाही तसेच एक मंडळ असते. त्याला शाळा व्यवस्थापन समिती म्हणतात. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतूनच होतो. शाळेचा विकास आराखडा करणे, आलेल्या निधीचा विनियोग पाहणे आणि शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे ही या समितीची कामे. समितीवरच्या स्त्रिया नुसत्या सहीपुरत्या नसाव्यात. बैठक दुपारच्या वेळी, त्यांना येता येईल अशी ठेवावी.

आहाराकडेही लक्ष हवे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली मध्यान्ह भोजनाची योजना २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण या नावाने चालते. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्याचे शिजवलेले अन्न मिळायला हवे. समितीच्या सदस्याने महिन्यातून एकदा तरी मुलांच्या पंक्तीला बसून जेवावे. वहीतल्या शेऱ्यापेक्षा चव खरे सांगते.

आता फडातल्या मुलांविषयी

हंगामात बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर आपल्याकडे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची म्हणून दोघेही पहाटेच्या अंधारात फडात उतरतात. मागे गावी आजी-आजोबा असले तर मुले तिथे राहतात, नसले तर बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये बसून आईबापाबरोबर येतात आणि कोपीवर राहतात. त्यांचे वर्ष कसे जाते पाहा. जूनला गावच्या शाळेत नाव लागते. दिवाळीनंतर शाळा सुटते. मार्च-एप्रिलमध्ये परत जातात तेव्हा वर्ष संपत आलेले असते. म्हणजे आपल्या मुलाचा सहावा हिस्सा बुडाला तर आपण हळहळतो, इथे निम्म्याहून अधिक वर्ष जाते, आणि तेही दर वर्षी. अशा मुलाच्या हाती मोठेपणी कोयताच येतो.

काही सभासद म्हणतील, "चार महिन्यांत ती पोरं काय शिकणार? आणि आपल्या शाळेत घेतील का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. घ्यावेच लागते. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाकारता येत नाही. मूल कधीच शाळेत गेले नसेल तर त्याला वयाप्रमाणे योग्य वर्गात बसवून मागचे शिकवायचे, असे कायदा सांगतो. गावाहून निघताना तिथल्या शाळेकडून शिक्षण हमी कार्ड आणले असेल तर काम आणखी सोपे होते. ते नसले तरी दार बंद होत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की चार महिन्यांत मूल फार पुढे गेले नाही तरी मागे जात नाही. वाचनाचा सराव टिकतो. दुपारी एक वेळ गरम अन्न मिळते. आणि परत गेल्यावर गावच्या वर्गात बसायला त्याला लाज वाटत नाही. शाळा कायमची सुटते ती बहुतेक या लाजेपायीच.

अडचण वेगळीच असते. आई फडात गेली की कोपीवरचे तान्हे पोर सांभाळायला आठ-दहा वर्षांची थोरली मुलगी मागे राहते. तिला शाळेत घालायचे तर आधी धाकट्याची सोय लागते. त्यासाठी गावात अंगणवाडी आहे. सहा वर्षांखालच्या मुलांची ती जागा आहे आणि बाहेरगावच्या मजुरांच्या मुलांनाही तिथे आहार मिळतो. तीन वर्षांवरचे भावंड अंगणवाडीत गेले की थोरली शाळेत जाऊ शकते. त्याहून लहान असेल तर टोळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईकडे ठेवता येते का, हे मुकादमाशी बोलावे.

सभासदाने काय करावे?

आपल्या रानात किंवा गावात टोळी उतरली की पहिल्या दोन दिवसांत कोपीवर चक्कर मारावी. सहा ते चौदा वर्षांची मुले किती, त्याखालची किती, हे मोजावे आणि आकडा मुख्याध्यापकांना व अंगणवाडीच्या ताईंना कळवावा. शिक्षक येतील तेव्हा आपण सोबत जावे. रानमालक बरोबर असला की आईबापांची भीड चेपते. "पोरगं शाळेत गेलं म्हणून तुमचा हिशेब कुणी कापणार नाही," असे त्यांना आणि मुकादमालाही स्पष्ट सांगावे.

चौदा वर्षांखालच्या मुलाला मोळ्या बांधायला, वाढे गोळा करायला मजुरीने लावू नये. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो गुन्हा आहे. स्वतःच्या घरच्या मुलाच्या हातीही ट्रॅक्टर देऊ नये.

शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गावातून उसाच्या ट्रॉल्या हळू न्याव्यात, असे वाहनमालक सभासदांनी चालकांना बजावावे. चालत्या ट्रॉलीतला ऊस ओढायला मुले मागे धावतात. एक कांडे मिळवण्याच्या नादात पोर चाकाखाली जाऊ शकते. पालकांनीही मुलांना याची सक्त ताकीद द्यावी.

हंगाम संपून टोळी निघण्याच्या आधी मुलांच्या हजेरीचा आणि शिकलेल्या भागाचा दाखला शाळेकडून मागून त्यांच्या हाती द्यावा. त्याशिवाय मागचे चार महिने कागदावर दिसत नाहीत.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. ज्यांच्या घरात पाटी नव्हती त्यांची मुले त्या संस्थेत शिकली, आणि त्याच पिढ्यांतून पुढे आपल्या ग्रामीण भागात सहकार चालवणारी माणसे उभी राहिली. आपण आज पावतीवरचा आकडा वाचतो, वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारतो, ते कुणीतरी आपल्याला वेळेवर शाळेत घातले म्हणून. तोडणी करणाऱ्याच्या मुलाला आपला हिशेब स्वतः वाचता यावा, एवढे तरी आपल्या गावाने करावे.

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गटातील सभासदांनी आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांची भेट घ्यावी आणि दुसऱ्या सत्रातील पालक सभेची तारीख उसाच्या नोंदवहीतच लिहून ठेवावी, ही विनंती.