सुरतेच्या खेड्यांतून सायकलीवर

मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या आगगाडीतून आपल्यापैकी अनेकांनी दक्षिण गुजरातचा प्रदेश पाहिला असेल. उसाचे मळे, आंब्याच्या व चिकूच्या वाड्या, एखाद्या नदीचा लांबलचक पूल आणि मग सुरतेच्या कारखान्यांची धुराडी, एवढे चित्र खिडकीतून डोळ्यांपुढून सरकते आणि लगेच पुसले जाते. त्या वाड्यांतून कोण राबते, तो ऊस कोणत्या पाण्यावर वाढतो, त्या नदीचे नाव काय, हे गाडी सांगत नाही. मोटारही सांगत नाही. पायी चालणारास ते कळते, परंतु त्याचा दिवस दोन गावांत संपतो. या दोहोंच्या मधले एक वाहन मात्र असे आहे की, ते दिवसाकाठी पन्नास किलोमीटरांचा प्रदेश दाखविते आणि तरीही शेताच्या बांधावरील माणसाशी दोन शब्द बोलण्यापुरते केव्हाही थांबते. ते वाहन म्हणजे आपली साधी सायकल होय.

सायकल आपल्या गावांना परकी नाही. दूधवाला, टपालवाला, शाळामास्तर, आजाऱ्याच्या घरी निघालेले फादर, या साऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या तिच्यावरच रस्ते तुडविले. आता घरोघरी मोटारसायकल आल्यामुळे सायकल पडवीत गंजत पडते, आणि गंमत अशी की, त्याच वेळी शहरातील सुस्थितीतील लोक महागड्या सायकली घेऊन भल्या पहाटे गावरस्त्यांवर येऊ लागले आहेत. आपण टाकून दिलेली वस्तू दुसऱ्याने उचलली म्हणजे तिचे मोल नव्याने तपासून पाहावे, हे बरे.

हे मोल जगाने प्रथम जेथे ओळखले, त्या ठिकाणांत आयर्लंडचे नाव येते. पूर्वी सायकलीच्या चाकांना भरीव रबर असे व खडबडीत रस्त्यावर बसणाराची हाडे खिळखिळी होत. बेलफास्ट येथे राहणारे गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवा भरलेली रबरी नळी बसविली आणि 1888 साली त्या युक्तीचे पेटंट घेतले. तशीच कल्पना त्यांच्यापूर्वी रॉबर्ट थॉमसन यांनाही सुचली होती, परंतु लोकांच्या हाती ती पडली डनलप यांच्यामुळेच. त्याच आयर्लंडात अलीकडे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून सायकलींचे रस्ते बांधले गेले आहेत. वॉटरफर्ड ते डंगार्व्हन हा 46 किलोमीटरांचा मार्ग 2017 साली खुला झाला. त्यावर मोटारींना मज्जाव आहे. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया व शाळकरी मुले तेथून निर्धास्त जातात, आणि वाटेवरच्या खेड्यांतील चहाच्या दुकानांना गिऱ्हाईक मिळते. सायकलस्वारास भूक लागते आणि तो वाटेतच खातो, हा अर्थशास्त्राचा सोपा धडा तेथील गावांनी घेतला आहे.

सुरतेभोवती असा स्वतंत्र मार्ग नाही. परंतु गावरस्ते आहेत, नि त्यांतील एकाला तर इतिहासाने स्वतःच्या पावलांनी आखून ठेवले आहे. महात्मा गांधी 12 मार्च 1930 रोजी साबरमतीहून मिठाच्या सत्याग्रहासाठी निघाले, 1 एप्रिलला सुरतेस पोहोचले आणि 5 एप्रिलला दांडीच्या समुद्रकिनारी आले. सुरतेनंतरचा त्यांचा मार्ग दिंडोली, वांझ, धामण, नवसारी, विजलपूर, कराडी व मटवाड असा होता. सुरत ते दांडी हे अंतर सुमारे 50 किलोमीटर भरते. तेव्हा एकसष्टीला आलेल्या महात्माजींनी मुक्काम करीत, सभा घेत ते पायी तोडले. मध्यम चालीचा सायकलस्वार तासाला पंधरा किलोमीटर धरला तरी ते एका सकाळीत पुरे करतो.

या मार्गाची पहिलीच पायरी आपल्या भाषेची आहे. दिंडोली हे तेव्हाचे खेडे आज सुरत शहराच्या पोटात गेले असून तेथे, तसेच उधना व लिंबायत या भागांत, खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्यातून रेल्वे झाली आणि पुढे त्याच वाटेने धुळे, जळगाव, नंदुरबारकडील माणसे मागांवर व गिरण्यांत पोट भरण्यास आली. येथे पहाटे रस्त्यावर सायकली दिसतात त्या हौसेच्या नव्हेत. पाळीवर निघालेल्या कामगारांच्या त्या सायकली असतात. हौशी सायकलस्वाराने त्यांना वाट द्यावी, कारण त्याला उशीर झाला तर फक्त ऊन लागेल, कामगाराला उशीर झाला तर रोज बुडेल.

पुढे मिंढोळा नदी ओलांडली की शेती दिसू लागते आणि पूर्णा ओलांडली की नवसारी. जमशेटजी टाटा यांचा जन्म 1839 साली येथलाच. नवसारीपासून दांडीपर्यंतचा पट्टा सपाट आहे. कराडी येथे सत्याग्रहाच्या दिवसांत महात्माजी झोपडीत राहत होते. तेथूनच 4 मे 1930 च्या मध्यरात्रीनंतर त्यांना पकडून नेण्यात आले. दांडीला 30 जानेवारी 2019 पासून राष्ट्रीय स्मारक उभे असून दांडीयात्रेतील सत्याग्रहींचे पुतळे तेथे रांगेने चालताना दाखविले आहेत.

या वाटेवर निघणाऱ्याने वाऱ्याचा हिशोब अवश्य ठेवावा. आपल्या कोळीबांधवांना हे सांगावयास नको. दिवस चढून जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो. म्हणून दांडीकडे जाणे ते सकाळी, वारा पडलेला असताना. परतणे ते दुपारनंतर, वारा पाठीशी घेऊन. याउलट क्रम धरला तर सपाट रस्ताही घाटासारखा वाटतो. ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच बरा. त्याच दिवसांत सुरतेकडे पोंक मिळतो. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा. पहाटेची नीराही त्याच दिवसांतली.

परंतु दांडीच्या वाटेवरील खरा विचार सुरतेच्या उत्तरेस, भटगाम या गावी सापडतो. 29 मार्च 1930 रोजी तेथील भाषणात महात्माजींनी आपल्याच सोबत्यांना आणि स्वतःलाही कठोर शब्द सुनावले. यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटारलॉरीने दूध आणले गेले होते, आणि रात्रीच्या वाटचालीत एक मजूर डोक्यावर जड दिव्याचे ओझे घेऊन घाईघाईने चालविला जात होता. गरिबांच्या नावाने निघालेल्या यात्रेत गरिबाच्याच डोक्यावर ओझे, ही विसंगती त्यांना सहन झाली नाही. आज लाख रुपयांची सायकल घेऊन खेड्यात शिरणाऱ्याला, आणि मागून मोटारीत सामान घेऊन येणाऱ्या त्याच्या मित्रांना, भटगामचा हा प्रसंग ठाऊक असावा.

दुसरा मार्ग पूर्वेकडील, बारडोलीचा. सुरतेपासून बारडोली सुमारे 35 किलोमीटर. सरकारने शेतसारा सुमारे 22 टक्क्यांनी वाढविला, तेव्हा 1928 साली वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी सारा भरण्याचे नाकारले. चौकशीअंती वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली, आणि वल्लभभाईंना सरदार ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. बारडोलीहून ईशान्येस तापीकाठी हरिपुरा आहे. 1938 च्या फेब्रुवारीत सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे एक्कावन्नावे अधिवेशन या खेड्यात भरले.

या भागात सायकल हाकताना दोहों बाजूंस ऊसच ऊस दिसतो. त्यामागे एक साखळी आहे. स्वातंत्र्यानंतर तापीवर काकरापारचा बंधारा झाला, पुढे 1972 साली उकाईचे धरण पुरे झाले. कालव्यांचे पाणी आले म्हणून ऊस आला, ऊस आला म्हणून सहकारी साखर कारखाने आले, आणि कारखान्यांसाठी ऊस तोडण्यास डांगातून व खानदेशातून दर हंगामात कोयतेकरी कुटुंबे येऊ लागली. रस्त्याकडेला किंवा शेतात पाचटाच्या नि प्लॅस्टिकच्या पालांतून ती सहा-सहा महिने राहतात. त्यांची मुले शाळेच्या दिवसांत शाळेपासून दूर असतात. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारे हिरवे मळे ते हेच. ते कोणाच्या हातांनी कापले जातात हे सायकलीवरूनच दिसते, आणि एकदा दिसले म्हणजे साखरेचा डबा उघडताना ते आठवल्याशिवाय राहत नाही.

कालव्याच्या कडेने जाणाऱ्या वाटा या भागात रहदारीच्या मानाने शांत असतात. परंतु उसाच्या हंगामात, म्हणजे साधारणतः दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत, गावरस्त्यांवर ऊस भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर असतात. अनेकांच्या मागे दिवा नसतो, उसाची टोके बाहेर आलेली असतात. म्हणून या मुलखात अंधारात सायकल चालवू नये, हा नियम समजावा.

तिसरा मार्ग डांगच्या जंगलाचा आहे व तो केवळ कसलेल्यांसाठी. वघईपासून सापुताऱ्यापर्यंतची चढण दमछाक करणारी आहे, आणि उतरताना जीव सांभाळावा लागतो तो वेगळाच. सतत ब्रेक दाबून धरल्यास चाकाची कड तापते. ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून लावावा. सुरतेहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता मात्र सायकलीसाठी धरू नये. मालमोटारींच्या त्या ओघात सायकलस्वारास जागाच नाही.

येथे आपण मूळ प्रश्नापाशी येतो. घरातील मुलाने सायकलीवर लांब जातो म्हटले की आईच्या पोटात गोळा येतो. ही भीती पोकळ नाही. रस्ते रुंद झाले ते मोटारींसाठी, आणि सायकलस्वाराला मिळाली ती डांबराची फुटकी कड. परंतु भीतीपोटी आपण काय करतो? सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकलीची किल्ली देतो. सायकल धोक्याची म्हणून नाकारावी आणि तिच्याहून चौपट वेगाचे वाहन परवान्यावाचून हाती द्यावे, हा न्याय कोणता? भीती असेल तर तिचा उपयोग तयारीसाठी करावा. मागे लाल दिवा व परावर्तक, पुढे पांढरा दिवा, डोक्यास शिरस्त्राण, अंगात उठून दिसणाऱ्या रंगाचा सदरा. सोबत पंप, जास्तीची ट्यूब व पंक्चर काढण्याचे साहित्य, आणि मुख्य म्हणजे ते काढता येणे. पायडल खाली असता पाय जवळजवळ सरळ होईल इतकी बैठक उंच ठेवावी; गुडघेदुखीचे निम्मे कारण बुटकी बैठक हेच असते. टायरात हवा पुरेशी असावी, चेनीस तेल असावे. तहान लागण्यापूर्वी पाणी प्यावे. दोघे शेजारी-शेजारी गप्पा मारीत जाऊ नये, एकामागून एक जावे.

आणि ही परवानगी केवळ मुलग्यांसाठी नसावी. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या आरंभी साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. पाणी आणणे, बाजारास जाणे, मुलांना शाळेत पोहोचविणे यांसाठी त्यांना कोणाची वाट पाहावी लागेना. बिहार सरकारने 2006 पासून नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना चालविली आणि माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या लक्षणीय वाढली, असे अभ्यासकांना आढळले. गुजरातेतही अशीच योजना आहे. शाळा पाच किलोमीटर दूर असलेल्या मुलीचे शिक्षण पुष्कळदा बुद्धीअभावी थांबत नाही, रस्त्याअभावी थांबते. सायकल तो रस्ता तिच्या पायांखाली आणून देते.

वाचकहो, दांडीस जाणे सर्वांना जमेल असे नाही. परंतु आपापल्या गावाभोवतीही अशा वाटा आहेतच. पडवीतील सायकल बाहेर काढावी, गंज घासावा, हवा भरावी आणि एखाद्या सुटीच्या सकाळी मुलाबाळांसह शेजारच्या तीन गावांची फेरी करावी. आपल्या गावापासून दहा किलोमीटरांवरच्या माणसाचे घर, शेत, विहीर, दुःख यांविषयी आपल्याला किती थोडे ठाऊक आहे, हे त्या एका सकाळीत कळून येईल. वाटेत कोणी पाणी विचारले तर घ्यावे, भाकरी दिली तर खावी, आणि घरी परतल्यावर सायकल पुन्हा पडवीच्या कोपऱ्यात न ठेवता दाराशी ठेवावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी दळण आणण्यासाठी तरी ती हाताशी येईल.