घरचा सिंथेसायझर : पन्नासचा सूर, शंभरचा सूर

पॉवर सप्लायमधल्या हमचा शोध स्कोपच्या आधी कानाने सुरू होतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. पेटीवर हा सूर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे, अगदी खाली पडतो. ब्रिज रेक्टिफायरनंतर उरणारा रिपल १०० हर्ट्झचा, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. लहान स्पीकरला ५० हर्ट्झ झेपत नाही, त्यामुळे हेडफोन लावूनच ऐकावे.

सूर ५०चा असेल तर संशय ट्रान्सफॉर्मरवर. त्याचे चुंबकीय क्षेत्र जवळच्या ऑडिओ वायरमध्ये शिरते. स्क्रू ढिले करून, मेन्सच्या टोकांना हात न लावता, तो जागेवरच फिरवून पाहावा. एका कोनात आवाज झटकन कमी होतो. ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडला तरीही ५०च ऐकू येतो. दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून लूप झाला तरीही तेच. मात्र त्यावर इलाज म्हणून तीन पिनी प्लगची अर्थ वायर कापणे जिवावर बेतू शकते. तो उपाय कधीही करू नये.

आता १००चा सूर. त्यासाठी एका वाचकाचा प्रश्न घेण्यासारखा आहे : सकाळी सप्लाय शांत असतो, संध्याकाळी सातनंतर घरघर सुरू होते, कपॅसिटर बदलूनही फरक नाही.

हा दोष कपॅसिटरचा नाहीच. दुकानात सहज मिळतो तो १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर. त्याचे शिखर १७ व्होल्ट, डायोड एक व्होल्ट खातो, उरले १६. अर्धा अँपिअर भार आणि २२०० मायक्रोफॅरड कपॅसिटर असेल तर रिपल सव्वादोन व्होल्टचा. म्हणजे तळ पावणेचौदावर. ७८१२ रेग्युलेटरला नीट चालायला सुमारे १४ लागतात. सकाळी कसेबसे भागते. संध्याकाळी मेन्स २१० वर उतरला की तळ सव्वाबारावर येतो आणि रेग्युलेटर सेकंदाला शंभरदा हात टेकतो. स्कोपवर १२ व्होल्टची सपाट रेघ आणि तिच्यात खाली गेलेल्या खाचा दिसतात. त्या खाचांमुळेच आवाज मऊ ‘घूं’ न राहता करकरीत ‘घर्र’ होतो. कपॅसिटर ४७०० केला तरी तळ साडेतेरापर्यंतच जातो. खरा इलाज १५-०-१५ ट्रान्सफॉर्मर. त्याच्यासोबत कपॅसिटर ३५ व्होल्टचे हवेत आणि रेग्युलेटरला चांगला हीटसिंक हवा, कारण प्रत्येकात साडेतीन वॅटच्या आसपास उष्णता होते.

तळ भरपूर वर आहे, तरीही १०० हर्ट्झ येतोच, तर दोष बहुधा शून्याच्या वायरमध्ये असतो. याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कपॅसिटर सतत भरत नाही. शिखराजवळच्या क्षणभरात पाच-पाच अँपिअरचे झटके घेतो. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपपासून कपॅसिटरपर्यंत दहा सेंटिमीटर बारीक हूकअप वायर असेल, तर तिचा रोध आठ-नऊ मिलिओहम. तेवढ्यावर चाळीसेक मिलिव्होल्ट उभे राहतात. मॉड्यूलची ग्राउंड या वायरच्या मधूनच कुठूनतरी घेतली, तर त्यातला मोठा हिस्सा थेट तिच्यात उतरतो. एक व्होल्टला एक सप्तक या हिशेबात अर्धा स्वर म्हणजे ८३ मिलिव्होल्ट. हे ४० मिलिव्होल्ट ऑसिलेटरच्या कंट्रोल व्होल्टेजमध्ये मिसळले, तर पाव स्वराचा थरकाप सेकंदाला शंभरदा होतो आणि सूर खरखरीत लागतो.

म्हणून मधला टॅप आधी दोन्ही कपॅसिटरच्या सांध्यावर जाड वायरने आणावा. तिथून वेगळी वायर काढून एका बिंदूवर न्यावी, आणि रेग्युलेटरची ग्राउंड व सगळ्या मॉड्यूलच्या वायरी त्या बिंदूवरच जोडाव्यात. जोडणी बरोबर झाली का, हे मल्टीमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून पाहता येते : एक प्रोब त्या बिंदूवर, दुसरा शेवटच्या मॉड्यूलच्या ग्राउंडवर, सगळा भार चालू. आकडा एक-दोन मिलिव्होल्टच्या वर असेल तर वायर जाड करावी किंवा त्या मॉड्यूलला स्वतंत्र वायर द्यावी.